नेरची दीपमाला आणि लोहाऱ्याची शिट्टी

त्या वर्षांत नेरच्या बसस्टँडवरून ज्यांनी कधी बस पकडली असेल, त्यांनी दीपमालाचा आवाज नक्की ऐकलेला आहे. चेहरा मात्र फार थोड्यांनी पाहिला. ती कंट्रोल केबिनच्या जाळीमागे बसायची. "अमरावतीकडे जाणारी जलद बस फलाट क्रमांक दोनवर लागत आहे," एवढंच बोलायची, पण भोंग्यातून येणारा तो आवाज इतका स्वच्छ की गाठोड्याला टेकून झोपलेला माणूससुद्धा बरोबर आपल्याच गाडीला उठायचा. माइक बंद केला की लगेच ती आमच्या वऱ्हाडीवर यायची. "बाप्पा, त्या अमरावतीवाल्याले हॉर्न वाजवू नोको म्हना, डोकं उठलं माझं."

ते कापसाचे वाईट दिवस होते. भाव पडलेले, खरेदी आज सुरू तर उद्या बंद, आणि पेपर उघडला की पहिल्या पानावर आमचाच जिल्हा. टीव्हीवाले, समित्यांची माणसं नेरला उतरायची आणि जाळीला तोंड लावून अमुक गावाला कोणती बस जाते विचारायची. "जायची इचारतात आन् लगेच परतायची इचारतात," दीपमाला म्हणायची.

तिचा धाकटा भाऊ राजदीप महागावच्या एका जिनिंगमध्ये फिटर होता. कापूसच येईना तसं जिनिंगला कुलूप लागलं. हात रिकामे राहिले म्हणून तो लोकांचे बिघडलेले रेडिओ उघडून बसू लागला, आणि त्यातूनच आमच्या क्लबात आला. येताना बहिणीला घेऊन आला. दोघांचे आईवडील लवकर गेलेले. उकंडा नावाच्या आजोबांनी त्यांना वाढवलं, आणि आजोबा थकल्यावर दीपमालानं भावाला.

आमचा क्लब हौशी रेडिओवाल्यांचा. सरकारी परीक्षा देऊन परवाना घ्यायचा आणि आपल्या सेटवरून हवेत बोलायचं. एरवी गप्पा, पण पूर आला, वादळ झालं, फोन बंद पडले की निरोप पोचवायचे आम्हीच. यवतमाळजवळच्या टेकडीवर क्लबनं एक रिपीटर बसवला होता. खालून आलेला आवाज उचलून तो साऱ्या जिल्ह्यात फेकायचा. मी, अनघा, यवतमाळच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. मी आणि दीपमाला एकाच परीक्षेला बसलो आणि तेव्हापासून मैत्रिणी झालो.

आम्हा दोघींना मोर्स शिकवलं नीळकंठरावांनी. सरकारी नोकरीतून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले, यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्याला घर, गच्चीवर उंच अँटेना. क्लब त्यांनीच काढलेला. स्वभाव गप्पिष्ट, हसवणारा. घरी बनवलेल्या एका छोट्या डब्यातून पीं पीं असा सूर काढून ते अक्षरं ऐकवायचे आणि चुकलं की म्हणायचे, "दीपमाला, बस चुकली तुझी." त्यांच्या पत्नी रत्नप्रभाकाकू वर चहा आणून द्यायच्या. दीपमाला त्यांना काका म्हणायची आणि तसंच मानायची.

रविवारी सकाळी सगळ्यांची हजेरी घ्यायची, कोण ऐकतंय, कोणाचा सेट ठीक आहे ते पाहायचं, हे काम वर्षानुवर्षं काकांकडे होतं. मग जिल्ह्याच्या आपत्तीच्या तयारीत क्लबला घेतलं आणि हजेरीची आणि प्रशिक्षणाची जबाबदारी खेमसिंग राठोडांवर आली. ते पोलिसांच्या वायरलेसमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, बोलणं मोजकं. दोन-तीन सराव घेतल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "संकटाच्या टायमाले कंट्रोलच्या खुर्चीवर दीपमाला बसंल. तिचं बोलनं एका वेळेत समजते, आन् ती दुसऱ्याले मधात तोडत नाई."

नीळकंठराव मोठ्यानं हसले. "छान! आता पूर आला की फलाट क्रमांक तीनवर लागेल." सगळे हसले, दीपमालाही हसली. नंतर मात्र काका रविवारच्या हजेरीत चटकन 'हजर' म्हणून निघून जायला लागले. वयानं आला असेल थकवा, असं आम्हाला वाटलं.

पुढच्या पावसाळ्यात महागावकडे पाऊस सुटेना. नाले फुगले, खांब पडले, मोबाइल मुके झाले. यवतमाळला जिल्हा कचेरीतल्या एका खोलीत आमचा सेट मांडला होता. दीपमाला खुर्चीवर, मी शेजारी निरोप लिहून घ्यायला, खेमसिंगभाऊ दाराशी. राजदीप महागावला बचावाच्या जीपमध्ये होता. जीपवर सेट लावलेला. सकाळपासून त्यानं दोन वस्त्यांतली माणसं शाळेत आणून सोडली होती. प्रत्येक वेळी त्याचा आवाज यायचा, "ताई, सगळे सुखरूप," आणि दीपमाला हवेत त्याला दटावायची, "ताई नाही, कंट्रोल म्हणा."

दुपारी वरच्या अंगाच्या गावाहून निरोप आला. धरणाचे दरवाजे उघडलेत, पाण्याचा लोंढा खाली निघालाय, नदीवरच्या रपट्यावरून, त्या बुटक्या फरशीपुलावरून, कोणतंही वाहन घालू नका. राजदीपची जीप रपट्याच्या दिशेनं निघालेली होती. पलीकडच्या वस्तीत एक बाळंतीण अडकली होती.

दीपमालानं बटण दाबलं. "महागाव जीप, महागाव जीप, रपट्यावर जाऊ नका—"

आणि हवेत शिट्टी सुरू झाली. एकसुरी, लांबलचक, मशीनची शिट्टी. रिपीटर तीच उचलून साऱ्या जिल्ह्यात फेकत होता आणि तिच्याखाली दीपमालाचा आवाज दबून गेला. ती थांबली की शिट्टी थांबायची, बोलायला लागली की सुरू. "महागाव जीप, थांबा. राजदीप, थांब. राजा, थांब रे." पुस्तकी मराठी कधीच सुटली होती. खेमसिंगभाऊ दुसऱ्या खोलीतल्या फोनकडे धावले, तो बंदच होता. शेवटी शिट्टी थांबली तेव्हा दीपमालानं निरोप पूर्ण दिला. पलीकडून कोणी उत्तर दिलं नाही.

जीपचा ड्रायव्हर बाभळीला अडकून वाचला. राजदीप दुसऱ्या दिवशी खालच्या गावाला सापडला.

नेरच्या घरी राजदीपसाठी बुद्धवंदना झाली त्या दिवशी क्लबातले सगळे गेलो होतो. नीळकंठराव आणि काकूही आले. काकूंनी दीपमालाला जवळ घेतलं. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी स्वतः पाहिलंय.

शिट्टीबद्दल क्लबात पुष्कळ बोलणं झालं. सेटमधलाच बिघाड असेल, कोणी टवाळ पोरगं असेल, विजेमुळे झालं असेल. दीपमाला सगळं ऐकून घ्यायची. मला एकदाच म्हणाली, "बिघाड माझं बोलनं ऐकून चालू-बंद होते का, अनघाताई? कोनीतरी ऐकून राह्यलं होतं. मले तो मानूस पायजे."

ती कामावर परतली. भोंग्यातून आवाज पहिल्यासारखाच स्वच्छ येत होता. पण तिनं खेमसिंगभाऊंच्या मागे लागून एक खेळ पुन्हा सुरू करायला लावला. आमच्यात त्याला कोल्ह्याची शिकार म्हणतात. एकजण छोटा सेट कुठेतरी लपवून ठेवतो, तो सेट अधूनमधून सूर काढतो, आणि बाकीचे हातातल्या अँटेनानं दिशा काढत त्याला शोधतात. पोरांचा खेळ. दीपमाला तो दात आवळून खेळायची. सुट्टीच्या दिवशी उन्हातान्हात, काटेरी बांधांवरून, हातात अॅल्युमिनियमच्या काड्यांची अँटेना धरून ती चालायची. आवाज कुठे वाढतो, कुठे पडतो, भिंतीवर आपटून कुठे फसवतो, हे तिला कळू लागलं. सुरुवातीला ती सगळ्यांच्या मागे राहायची. मग तिच्याआधी कोणी पोचेनासं झालं.

खेमसिंगभाऊ एकदा तिच्याजवळ बसून म्हणाले, "बाई, तू कोल्हा नाई, मानूस शोधून राह्यली."

"हो," ती म्हणाली.

"सापडला तं?"

"सापडू तं द्या, भाऊ."

पुढचा पावसाळा तोंडावर आला आणि जिल्ह्याचा मोठा सराव ठरला. दीपमालानं खेमसिंगभाऊंना आधीच्या रविवारी हवेत जाहीर करायला लावलं की कंट्रोलच्या खुर्चीवर तीच बसणार आहे. खरं तर खुर्ची रिकामी ठेवायची होती. ती माझ्या स्कूटरवर मागे बसली. एका सेटवरून सराव चालवायचा आणि दुसऱ्यावर, थेट, रिपीटर सोडून, ऐकायचं. रिपीटर टेकडीवरून सगळ्यांना सारखाच ऐकू येतो, पण त्याच्यात बोलणारा माणूस जवळ असेल तर त्याचा आवाज जमिनीवरून थेटही येतो. ती कचेरीत बसली आहे की स्कूटरवर, हे रेडिओवर कोणाला कळणार?

सकाळी मी किक मारली. दीपमाला माझ्या कानामागून शांतपणे बोलत होती. "सर्व केंद्रांनी हजेरी द्यावी. नेर. दारव्हा. महागाव." महागाव म्हणतानाही तिचा आवाज हलला नाही. अर्धं शहर फिरून झालं आणि शिट्टी सुरू झाली. तीच.

दीपमालानं अँटेना फिरवली. "लोहाऱ्याच्या रस्त्यानं घ्या, ताई." तिनं सराव थांबवला नाही. शिट्टीच्या खालून ती बोलतच राहिली, म्हणजे शिट्टीही चालू राहील. एमआयडीसीचे कारखाने आले. मला वाटलं, इथलाच कोणी असेल. दीपमालानं हात उजवीकडे केला. घरांची ओळ लागली. मला तो रस्ता पाठ होता. मी ब्रेक दाबला आणि मागे वळून पाहिलं.

"चाला," ती म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण अँटेना सरळ होती.

दार रत्नप्रभाकाकूंनी उघडलं. "अगं, तुम्ही दोघी? आज तर तुमचा सराव ना? या, या. ते वरच आहेत, रेडिओवर. मी चहा टाकते."

आम्ही जिना चढलो. नीळकंठराव पाठमोरे बसले होते. एका हातात माइक, आणि माइकच्या तोंडाशी मोर्स शिकवायचा तो छोटा डबा धरलेला. दीपमालाच्या हातातल्या सेटमधून शिट्टी किंचाळली तेव्हा ते वळले. बटणावरचं बोट सुटलं.

"हे... सराव आहे ना," ते म्हणाले. "सरावात अडथळे यायलाच पाहिजेत, दीपमाला. नाहीतर लोक शिकणार कसे?"

"आन् गेल्या वर्षी? तवा सराव होता?"

ते डब्याकडे बघत म्हणाले, "मला वाटलं, तू गडबडशील आणि खेमसिंग मला बोलावून घेईल. एवढंच. निरोप काय होता ते मला नीट कळलं नव्हतं गं. शपथेवर सांगतो. आणि तो माझ्या शिट्टीनं नाही गेला. पाणीच तेवढं होतं. निरोप पोचला असता तरी तो त्या बाळंतिणीसाठी गेलाच असता."

"थांबला असता का गेला असता, हे मले आता मरेपर्यंत समजनार नाई," दीपमाला म्हणाली. "ते तुमी घेतलं माझ्यापासून."

ती पुढे झाली. मला वाटलं आता मारते. तिनं टेबलावर पडलेला माइक उचलला आणि त्यांच्या हातात ठेवला. "तुमाले बोलाची लय हौस हाय नं? बोला. आता रोज बोला." आम्ही खाली उतरलो. काकू कपात चहा गाळत होत्या. "कामात हाय काकू," एवढं म्हणून ती बाहेर पडली.

खेमसिंगभाऊंना पोलिसांत जायचं होतं, वर दिल्लीला तक्रार करायची होती. दीपमालानं मोडता घातला. गेल्या वर्षीचा पुरावा नव्हता. या वर्षीच्या शिट्टीला ते सरावच म्हणाले असते. "लायसन गेलं तं तो म्हनंल, माझ्यावर अन्याय झाला. लोकं जातीन, समजूत काढतीन. मले त्याचं लायसन नोको. त्याच्याशी कोनी बोलू नये, एवढंच पायजे."

तिच्या आजोबांनी छप्पन्न सालानंतर धम्म घेतला आणि मेलेली ढोरं ओढायला नकार दिला. तेव्हा गावानं त्यांना वाळीत टाकलं होतं. चक्कीवर दळण नाही, न्हावी नाही, विहीर नाही. दीपमालानं मला त्या दिवशी पहिल्यांदा हे सांगितलं. "आबा म्हनत, पीठ दुसऱ्या गावून आनता येते. पन लोकं अंगावरून जात आन् पाहत नसत, त्यानं मानूस आतून सुकते."

"पण आबांनी काही केलं नव्हतं, दीपमाला," मी म्हणाले. "तीच गोष्ट तू..."

"त्यायनं काई केलं नव्हतं. यानं केलं हाय. फरक नाई का?"



एसटीचा पास तिच्याकडे होताच. दर सुट्टीला ती एकेका गावी जायची. अमरावती, वर्धा, नागपूर, चंद्रपूर. जिथे जिथे आमच्यासारखा माणूस सेट घेऊन बसलेला, तिथे दारात जाऊन, समोर बसून सगळं सांगायची. फोनवर नाही, हवेत तर नाहीच. अकोल्याचे एक डॉक्टर नीळकंठरावांचे जुने दोस्त. ते म्हणाले, "मी असल्या भानगडीत पडत नाही."

"पडू नोका," दीपमाला म्हणाली. "फक्त उत्तर देऊ नोका."

हळूहळू विदर्भात त्यांना उत्तर देणारं कोणी राहिलं नाही. आधी आधी ते हवेत विनोद करायचे. मग "माझा आवाज कोणाला येतोय का?" असं विचारू लागले. त्यांनी केबल बदलली, अँटेना उतरवून पुन्हा चढवली. दूरदेशीचे लोक मिळायचे, पण त्यांच्याशी हवामानापलीकडे काय बोलणार? त्यांना मराठीत बोलायचं होतं. आम्ही सगळे ऐकायचो. मीही ऐकायची. दीपमाला तर ड्यूटीवरून आली की सेट लावून बसायची, त्यांचं बोलणं संपेपर्यंत. "जेवन गोड लागते," असं तिनं मला सांगितलं, आणि सांगताना ती हसली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी रत्नप्रभाकाकू नेरच्या स्टँडवर उतरल्या आणि केबिनच्या दारात उभ्या राहिल्या. दीपमालानं त्यांना स्टूल दिलं, माठातलं पाणी दिलं.

"ते जेवत नाहीत," काकू म्हणाल्या. "दिवसभर वर बसतात. खाली आले की मलाही विचारतात, माझा आवाज तुला येतो ना? तुमचं काय वाकडं आलंय मला माहीत नाही. विचारलं तर सांगत नाहीत. वडीलधारे आहेत, चुकलं असेल काही. एकदा बोल त्यांच्याशी. नुसतं 'येतो आवाज' म्हण."

दारव्ह्याची गाडी लागत होती. दीपमालानं माइक ओढला, गाडी पुकारली, माइक बंद केला. काकूंना काहीच ठाऊक नाही, हे तिला त्या क्षणी कळलं. क्लबातलं काही बिनसलं म्हणून सांगता आलं असतं. पाया पडून रवानगी करता आली असती. तिनं सगळं सांगितलं. रपटा, शिट्टी, तो डबा.

काकू ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "आम्ही आलो होतो गं तुझ्या घरी. त्यांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला होता."

"हो. ठेवला होता."

"घरी जाताना वाटेत त्यांनी मला पेढे घेऊन दिले. मी म्हटलं, आज कसले पेढे? तर म्हणाले, राहू दे, खावंसं वाटलं." काकूंनी पदरानं तोंड पुसलं आणि उठल्या. "यवतमाळची गाडी कधी आहे?"

"लागून राह्यली, काकू."

त्या आठवड्यात रत्नप्रभाकाकू मुलाकडे पुण्याला गेल्या आणि परत आल्या नाहीत.

हे मला दीपमालानंच सांगितलं, केबिनमध्ये, डबा खाता खाता. मी विचारलं, "वाईट नाही वाटलं?"

"काकूचं वाटलं. त्यायच्याशी माझं काई नव्हतं. पन मी त्याच्यासाठी खोटं कायले बोलू?"

"आणि त्यांचं? काकांचं?"

तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "चांगलं वाटलं. मले वाटलं होतं त्याच्याहून जास्त चांगलं वाटलं. तुमाले नाई आवडनार, पन खरं इचारलं म्हनून सांगते."

त्यानंतर महागावच्या एका सभागृहात नव्या लोकांना संकटकाळचे निरोप कसे द्यायचे ते शिकवायचा वर्ग होता. दीपमाला फळ्यापाशी उभी होती. मागच्या दारानं नीळकंठराव आत आले. वाळले होते, सदरा खांद्यावरून लोंबत होता. त्यांनी बोलू का म्हणून विचारलं नाही. उभ्याउभ्याच, सगळ्यांसमोर, आपण काय केलं ते सांगितलं. कुठेही 'सराव होता' म्हटलं नाही, पाण्यावर ढकललं नाही. शेवटी म्हणाले, "हिचा भाऊ माझ्या हेव्यानं गेला." समोर महागावची माणसं होती, राजदीपनं शाळेत नेऊन सोडलेलीही त्यांत होती.

"दीपमाला," ते म्हणाले, "आता तरी?"

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. हे तिनं बऱ्याच काळानं केलं. मग हातातला खडू खाली ठेवला आणि वर्गाकडे वळून तिच्या त्या स्वच्छ मराठीत म्हणाली, "नियम लिहून घ्या. हवेत कोणीही मदत मागितली, अगदी कोणीही, तर हातातलं काम सोडून उत्तर द्यायचं. यांनी मागितली तर पहिली मी जाईन. यांच्या घराला आग लागली तर बंब मी पाठवीन." पुढचं तिनं वऱ्हाडीत सांगितलं. "पन नुसता नमस्कार केला तं त्याले उत्तर देनं नियमात नाई."

नीळकंठराव आले तसे मागच्या दारानं निघून गेले. खेमसिंगभाऊ नंतर तिला म्हणाले, "बहोत झालं, बाई. त्यानं कबूल केलं."

"केलं. मी ऐकलं," ती म्हणाली. "राजानं नाई ऐकलं."

आता रविवारची हजेरी दीपमालाच घेते. मी यवतमाळहून ऐकते. नेर, दारव्हा, पुसद, महागाव, सगळे आपापलं नाव सांगतात, ती प्रत्येकाला दोन शब्द बोलते, कोणाच्या मुलीचा निकाल, कोणाच्या सेटची खरखर. मग मध्येच लोहाऱ्याहून तो म्हातारा आवाज येतो, परवान्यावरचं आपलं कॉलसाइन सांगतो, सगळ्यांना नमस्कार करतो. दीपमाला त्याला मधात तोडत नाही. तो पूर्ण बोलून होईपर्यंत थांबते. मग म्हणते, "पुढचं केंद्र, उमरखेड. बोला, ऐकतेय."